शॅम्पेन कोणाची? एक बखर आणि तिच्याबाहेर राहिलेली माणसे

या थ्रेडचे निमित्त तसे क्षुल्लक आहे. गेल्या महिन्यात एका इतिहासविषयक प्रश्नमंजूषेत प्रश्न आला : 'शॅम्पेनचा शोध कोणी लावला?' अपेक्षित उत्तर होते, डॉम पेरिन्यों नावाच्या फ्रेंच मठवाशाने. प्रश्नच चुकीचा आहे असे आमच्या चमूने उभे राहून सांगितले, परीक्षकांनी स्मितहास्य केले आणि आमचा गुण गेला. गुणाचे दुःख नाही. (थोडे आहे.) परंतु सभागृहातील बहुतेकांना ते उत्तर पाठ होते आणि उत्तरासोबत ते सुप्रसिद्ध वाक्यही, 'बंधूंनो, धावत या, मी तारे पितो आहे!' हे मात्र मनाला लागले.

इतिहासावर प्रेम करणाऱ्या मंडळींना एका जाहिरातीतील वाक्य साधन म्हणून पाठ असावे, यावर एक दीर्घ थ्रेड लिहिणे भाग आहे. हा थ्रेड मद्याविषयी असला तरी पिण्याविषयी नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो, म्हणजे घरच्या मंडळींनी वाचला तरी अडचण नको.

माझे म्हणणे थोडक्यात असे : शॅम्पेनचा जो इतिहास आपल्यापर्यंत पोहोचतो तो शॅम्पेन विकणाऱ्या पेढ्यांनी स्वतःसाठी रचलेला आहे. त्यात एक साधू आहे, एक धाडसी विधवा आहे, राजेरजवाडे आहेत. द्राक्षे पिकवणारा शेतकरी त्यात नाही. आणि ज्या कायदेशीर नावामुळे त्या बाटलीला आजची किंमत येते, ते नाव राखले जावे म्हणून १९११ साली रस्त्यावर उतरलेला माणूस हाच शेतकरी होता. त्याला उतरावे लागले ते अंशतः या पेढ्यांच्याच विरुद्ध.

आधी साधूचा निकाल लावू.

डॉम पिएर पेरिन्यों (१६३८–१७१५) हा काल्पनिक पुरुष नव्हे. ईशान्य फ्रान्समध्ये, एपर्ने गावाजवळच्या ओव्हिले येथील बेनेडिक्टाइन मठात १६६८ पासून मृत्यूपर्यंत तो कारभारी होता. मठाच्या द्राक्षबागा, घाणे, तळघरे आणि हिशेब त्याच्याकडे होते. तो आपल्या कामात अत्यंत निष्णात होता, याविषयी दुमत नाही. निरनिराळ्या बागांतील द्राक्षांचा मेळ घालणे, काळ्या द्राक्षांचा रस हलक्या हाताने दाबून सालीचा रंग न उतरू देता काढणे, या गोष्टींत त्याचा लौकिक होता. मात्र बुडबुड्यांच्या बाबतीत त्याची धडपड उलट दिशेची होती. वाईनमध्ये फेस येणे हा त्या काळी दोष मानला जाई आणि चांगल्या कारभाऱ्याने तो टाळावा अशी अपेक्षा असे.

फेस का येई, हे समजले की 'शोध' या शब्दातील पोकळपणा दिसू लागतो. शॅम्पेन हा थंड प्रदेश आहे. तेथे द्राक्षे उशिरा तयार होतात आणि रस आंबण्याची क्रिया पूर्ण होण्याआधीच हिवाळा येऊन ठेपतो. थंडीमुळे ती क्रिया गोठते, साखर थोडी शिल्लक राहते, आणि वसंतात ऊब मिळताच रस पुन्हा आंबू लागतो. तोवर वाईन बाटलीत भरून बूच घट्ट लावलेले असेल, तर निर्माण होणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट उरत नाही. तो द्रवात विरघळतो आणि बूच निघताच फेसाच्या रूपाने उसळतो. म्हणजे बुडबुडे हवामानाने निर्माण केले. माणसांनी केले ते इतकेच की आधी त्यांना शिव्या दिल्या, मग त्यांना सांभाळायला शिकले, आणि अखेर त्यांचे पैसे केले.

मग पेरिन्योंला शोधक कोणी ठरवले? येथे मराठी इतिहासाच्या विद्यार्थ्याला घरच्यासारखे वाटू लागेल. घटनेनंतर शंभर वर्षांनी लिहिलेली बखर आणि घटनेच्या काळातील अस्सल कागद यांत काय भेद असतो, हे राजवाड्यांनी आपल्याला कधीच शिकवून ठेवले आहे. ओव्हिलेचा मठ फ्रेंच राज्यक्रांतीत बंद पडला. तेथील शेवटच्या काळातील एक मठवासी, डॉम ग्रोसार, याने १८२१ मध्ये एक पत्र लिहिले आणि फेसाळ पांढऱ्या वाईनचे रहस्य आमच्या पेरिन्योंनेच शोधले, असा दावा केला. पेरिन्योंच्या मृत्यूला तेव्हा १०६ वर्षे लोटली होती. मठ गेला, वैभव गेले, आणि एक वृद्ध मठवासी आपल्या घराण्याची थोरवी सांगतो आहे. आपल्याकडील कितीतरी बखरींचा जन्म नेमका अशाच मनःस्थितीतून झालेला आहे. बखर टाकाऊ नसते. पण ती कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिली हे न विचारता तिच्यावर विसंबणे हा आळस आहे.

आणि ते तारे? ते वाक्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या एका छापील जाहिरातीतून वर आले. पेरिन्योंच्या हयातीतील कोणत्याही कागदात ते नाही.

येथपर्यंत वाचून काही मित्र म्हणतील, 'हे आम्हाला ठाऊक आहे, खरा शोध इंग्रजांनी लावला.' हा नवा लोकप्रिय सिद्धान्त. त्याला आधार आहे. १७ डिसेंबर १६६२ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ख्रिस्तोफर मेरेट या वैद्य-शास्त्रज्ञाचा निबंध वाचला गेला. वाईन चुणचुणीत व फेसाळ व्हावी म्हणून तेथील वाईनवाले तिच्यात साखर व काकवी घालतात, अशी नोंद त्यात आहे. पेरिन्यों ओव्हिलेला येण्याच्या सहा वर्षे आधीची ही नोंद. शिवाय जहाजबांधणीसाठी लाकूड राखावे म्हणून इंग्लंडच्या राजाने १६१५ मध्ये काचभट्ट्यांना लाकूड जाळण्यास मनाई केली. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, उष्णता वाढली आणि काच जाड व भक्कम निघू लागली. अशा बाटलीत दाब टिकत असे. त्या काळची फ्रेंच बाटली फुटत असे.

हे सारे मान्य. पण मेरेट काय म्हणतो ते नीट पाहा. वाईनवाले असे *करतात*, असे तो म्हणतो. मी शोध लावला, असे नाही. तो लंडनमधील बिननावाच्या व्यापाऱ्यांची आणि पिंपवाल्यांची रोजची रीत टिपून ठेवतो आहे. एका साधूच्या जागी एक वैद्य बसवून आपण फक्त पुतळा बदलला, चौथरा तोच ठेवला.

आता पेढ्यांकडे येऊ. 'पेढी' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण शॅम्पेनमधील प्रसिद्ध नावे मुळात शेतकऱ्यांची नाहीतच, व्यापाऱ्यांची आहेत. १७२८ मध्ये पंधराव्या लुईच्या फर्मानाने वाईन बाटल्यांमधून वाहून नेण्यास परवानगी मिळाली. तोवर ती पिंपांतूनच नेता येई आणि पिंपात फेस टिकत नाही. फर्मानानंतर दुसऱ्याच वर्षी, १७२९ मध्ये, रुइनार ही पेढी उभी राहिली. तिचा संस्थापक निकोला रुइनार कापडाचा व्यापारी होता. १७७२ मध्ये सुरू झालेल्या क्लिको पेढीचेही मूळ कापडातच. रँस हे लोकरी कापडाचे शहर होते. कापडाच्या गिऱ्हाइकांना वाईन देता देता वाईनच मुख्य धंदा झाला.

पुढे आलेली नावे तर आणखी बोलकी आहेत. क्रुग मूळचा माइन्झचा, मुम ऱ्हाइनलँडचे, बोलांजे व्ह्युर्टेम्बर्गचा, डॉइट्झ आखेनचा, हाइडसीक वेस्टफालियाचा. जे पेय फ्रेंच आत्म्याचे प्रतीक म्हणून मिरवते, त्याच्या लेबलांवरील निम्मी आडनावे जर्मन आहेत. यात लाजण्यासारखे काही नाही. अनेक भाषा जाणणारे, पत्रव्यवहारात तरबेज असे हे तरुण युरोपभर माल विकत फिरले. पण पहिल्या महायुद्धात मुम कुटुंबाने फ्रेंच नागरिकत्व घेतले नव्हते म्हणून त्यांची पेढी शत्रूची मालमत्ता ठरवून जप्त झाली, तेव्हा 'फ्रेंच आत्मा' किती कागदी असतो हेही दिसले.

विधवेची कथा साधूच्या कथेपेक्षा पुष्कळ खरी आहे, म्हणून तिच्याशी भांडताना जपून भांडले पाहिजे. बार्ब-निकोल पोन्सार्दँ (१७७७–१८६६) हिचा पती फ्रांस्वा क्लिको १८०५ मध्ये वारला. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिने पेढी हाती घेतली. नेपोलियनच्या युद्धांनी बंदरे बंद होती, व्यापार बसला होता. १८१४ मध्ये युद्ध संपता संपता, स्पर्धक जागे होण्याआधी, तिने १८११ च्या उत्कृष्ट हंगामाची वाईन जहाजाने रशियाकडे रवाना केली आणि बाजी मारली. त्या वर्षी आकाशात मोठा धूमकेतू दिसला होता, म्हणून ती 'धूमकेतूची वाईन' म्हणून गाजली. यातील धैर्य आणि व्यापारी बुद्धी निर्विवाद आहे.

पण याच कथेतील दुसरा प्रसंग पाहा. बाटलीत दुसऱ्यांदा आंबल्यानंतर तळाशी साका उरतो आणि वाईन गढूळ दिसते. १८१६ च्या सुमारास क्लिको पेढीत भोके पाडलेल्या फळीत बाटल्या मान खाली करून रोवायची, त्या रोज थोड्या थोड्या फिरवायच्या आणि साका बुचाशी गोळा करून काढून टाकायचा, ही युक्ती सिद्ध झाली. सांगणारे सांगतात, मादाम क्लिकोने शोधली. तिचा तळघर-प्रमुख आंतवान म्युलर या कामात तिच्याबरोबर होता, हे क्वचितच सांगितले जाते. आणि त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे, यंत्रे येईपर्यंत, ज्या माणसांनी अंधाऱ्या, ओल्या तळघरात मेणबत्तीच्या उजेडात उभे राहून रोज हजारो बाटल्या एक अष्टमांश वळशाने फिरवल्या, त्यांचे तर नावच घेतले जात नाही.

त्या तळघरांविषयी थोडे थांबून सांगायला हवे. शॅम्पेनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साखर किती उरली आहे हे मोजायची खात्रीशीर रीत नव्हती. वसंतात ऊब वाढली की एक बाटली फुटे, तिच्या काचांनी शेजारची फुटे, आणि रांगच्या रांग उद्ध्वस्त होई. कामगार चेहऱ्यावर लोखंडी मुखवटा बांधून तळघरात उतरत. शालों येथील औषधविक्रेता झां-बाप्तिस्त फ्रांस्वा याने १८३६ मध्ये साखर मोजून दाबाचा अंदाज बांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे फुटण्याचे प्रमाण उतरत गेले. शॅम्पेनचा धंदा भरभराटीला आणण्यात या औषधविक्रेत्याचा वाटा कोणत्याही साधूपेक्षा मोठा आहे. परंतु मोजपट्टी घेतलेला औषधविक्रेता लेबलावर शोभत नाही.

लेबलावर काय शोभते, हे पेढ्यांना चांगले कळत होते. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मर्सिए पेढीने सुमारे दोन लाख बाटल्यांची वाईन मावेल असे अजस्र पिंप बांधले आणि एपर्नेहून पॅरिसपर्यंत ते चोवीस बैलांकडून ओढत नेले. साधूची कथा पसरली तीही याच सुमारास. कारण उघड आहे. यंत्र, रेल्वे आणि भांडवल यांनी बनलेल्या मालाला प्राचीनता, भक्ती आणि गूढ यांचे वस्त्र हवे होते. आज 'डॉम पेरिन्यों' हे एक ब्रँडनाव आहे. १९२१ च्या हंगामाची वाईन त्या नावाने १९३६ मध्ये बाजारात आली. साधूला जाऊन तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे झाली होती.

आणि आता थ्रेडचा गाभा. येथपर्यंत आला असाल तर पुढचे टाळू नका.

१८८० च्या दशकात लुआर खोऱ्यातील सोम्यूर येथील उत्पादक आपल्या फेसाळ वाईनला शॅम्पेन म्हणू लागले. रँसच्या पेढ्या न्यायालयात गेल्या. १८८७ मध्ये आंजे येथील अपील न्यायालयाने निर्णय दिला की शॅम्पेन हे पद्धतीचे नाव नसून प्रदेशाचे आहे, आणि त्या प्रदेशात पिकलेल्या व बनवलेल्या वाईनलाच ते लावता येईल. पेढ्या जिंकल्या. 'आमच्या मातीचे नाव चोरू नका,' हा त्यांचा युक्तिवाद होता.

त्यानंतरच्या वीस वर्षांत त्यांतल्याच अनेक पेढ्यांनी काय केले? बाहेरची स्वस्त द्राक्षे आणि वाईन रेल्वेच्या वाघिणींतून मागवली. लुआरमधून, दक्षिणेकडील लांगदोकमधून. रँस-एपर्नेच्या तळघरात तिच्यात फेस भरला आणि तिला शॅम्पेन म्हणून विकले. न्यायालयात माती पवित्र होती, हिशेबाच्या वहीत नव्हती. सगळ्या पेढ्या यात सामील नव्हत्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण जेवढ्या होत्या, तेवढ्या द्राक्षांचा भाव पाडायला पुरेशा होत्या.

शेतकऱ्याची अवस्था अशी होती. त्याची बाग बहुधा लहान. द्राक्षे तोडली की थांबता येत नाही, दोन दिवसांत ती कोणाला तरी द्यावीच लागतात. घेणारा पेढीचा दलाल. भाव तो सांगेल तो. (नाशिक, सांगलीकडील ज्या मित्रांच्या घरी बाग आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही.) त्यातच १८९० मध्ये मार्न खोऱ्यात फायलोक्सेरा अवतरली. वेलीच्या मुळांतील रस शोषणारी ही अमेरिकेतून आलेली बारीक कीड. तिच्यावर खात्रीचा उपाय एकच : सगळी बाग उपटायची आणि त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटावर कलम केलेल्या वेली लावायच्या. आपल्याकडे क्षार आणि पाणीटंचाईसाठी डॉगरिज खुंट वापरतात, त्याच जातकुळीचा हा उपाय. पण नव्या वेलीला फळ धरायला काही वर्षे जातात आणि तोवर कर्ज थांबत नाही.

१९०२ नंतर खराब हंगामांची रांग लागली. १९१० साली तर गारा, अतिवृष्टी आणि आपले बागायतदार जिला डावणी म्हणतात ती बुरशी, यांनी मिळून नव्वद टक्क्यांहून अधिक पीक बुडवले. शेतकऱ्याच्या बागेत घड नाहीत आणि पेढ्यांच्या तळघरातून मात्र शॅम्पेन निघतेच आहे. ती कशाची बनते आहे, हे ओळखायला पदवी लागत नव्हती.

१७ जानेवारी १९११ रोजी मार्न नदीकाठच्या दाम्री गावात शेतकऱ्यांनी बाहेरून आलेली वाईन पकडली आणि पिंपेच्या पिंपे फोडून नदीत ओतली. लोण शेजारच्या गावी गेले. त्या गावाचे नाव ओव्हिले. होय, साधूचेच. मठाच्या पायथ्याशी लोक खोटी शॅम्पेन रस्त्यावर ओतत होते, त्या दिवसाचे चित्र कोणत्याही लेबलावर नाही.

सरकारने फेब्रुवारीत कायदा केला. कोणती द्राक्षे कोठून आली याची नोंद आणि करांची बंधने आली. मार्नचे शेतकरी थोडे शांत झाले. पण नावाची सीमा कोठे आखायची हा प्रश्न होताच. १९०८ च्या आदेशाने शॅम्पेनच्या सीमेत मार्न जिल्हा आणि एन जिल्ह्याचा काही भाग घेतला होता, दक्षिणेकडील ओब जिल्हा वगळला होता. ओबचे शेतकरी खवळले, आणि त्यांचा मुद्दा इतिहासाच्या विद्यार्थ्याला तरी नाकारता येणार नाही. ओबचे मुख्य शहर त्रुवा. मध्ययुगात शॅम्पेनच्या सरदारांची राजधानी त्रुवा होती. शॅम्पेनच्या ज्या जत्रांत बाराव्या-तेराव्या शतकात अर्ध्या युरोपचा व्यापार चाले, त्यांतल्या दोन त्रुवात भरत. शॅम्पेनची राजधानीच शॅम्पेनच्या बाहेर! १९११ च्या वसंतात ओबमध्ये लाल झेंडे लागले, नगरपालिकांनी राजीनामे दिले, कराचे कागद जाळले गेले.

सरकार डळमळले. ११ एप्रिल रोजी सीमारेषाच रद्द करण्याच्या बाजूने सिनेटने कौल दिला. बातमी मार्नला पोहोचली आणि त्या रात्रीपासून मार्न पेटले. १२ एप्रिलला जमाव आई या गावात शिरला. (उच्चार खरोखरच असा आहे. नकाशात या नावाशी मी दर वेळी क्षणभर थांबतो.) खोटी शॅम्पेन बनवल्याचा संशय ज्यांच्यावर होता त्या व्यापाऱ्यांच्या इमारती फोडल्या, जाळल्या. अयाला, बिसँजे, डॉइट्झ यांची वास्तू उद्ध्वस्त झाली. बोलांजेला लोकांनी हात लावला नाही. संताप आंधळा होता असे म्हणणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा. तो पुरता डोळस होता असेही मी म्हणणार नाही, कारण त्याच दिवशी वेलींना थंडीपासून वाचवण्यासाठी ठेवलेले गवतही जळाले आणि त्यात वेलीही होरपळल्या. घोडदळासह हजारो सैनिक त्या खोऱ्यात उतरले.

या प्रसंगाला मी पवित्र क्रांतीचा रंग देणार नाही. मार्नचा गरीब शेतकरी ओबच्या गरीब शेतकऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी लढत होता. दोघांनाही एकाच भावयंत्रणेने पिळले होते आणि दोघे एकमेकांकडे बोट दाखवत होते. ७ जून १९११ च्या आदेशाने ओबला 'दुय्यम क्षेत्राची शॅम्पेन' असे अपमानास्पद नाव देऊन तडजोड करण्यात आली. पुढे महायुद्ध आले, रँसवर चार वर्षे तोफा धडधडल्या, लोक तळघरांत राहू लागले, आणि वाद थिजला. ओबला पूर्ण दर्जा मिळाला तो २२ जुलै १९२७ च्या कायद्याने. कोणती जमीन, कोणत्या जातीची द्राक्षे, हे सारे त्याच कायद्याने ठरले.

द्राक्षांच्या भावाला पद्धतही या संघर्षाच्याच काळात आली. हंगामाचा भाव ठरवायचा आणि प्रत्येक गावाला त्याच्या दर्जानुसार त्या भावाची टक्केवारी द्यायची. शंभर टक्के मिळणारी गावे म्हणजे 'ग्रां क्रू'. आज हे शब्द महागड्या बाटलीवर सोन्याच्या अक्षरांत दिसतात तेव्हा त्यांचे मूळ शेतकऱ्याच्या भावपत्रकात आहे, हे किती जणांना ठाऊक असते? ती पद्धत आता मोडीत निघाली आहे. सोनेरी अक्षरे उरली.

१९४१ मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, पेढ्या आणि शेतकरी यांची संयुक्त समिती स्थापन झाली. पेढ्यांच्या बाजूने मोएतचा रोबेर-झां द व्होग्यूए आणि शेतकऱ्यांच्या बाजूने मोरिस द्वायार. द व्होग्यूएला १९४३ मध्ये गेस्टापोने अटक केली आणि मृत्युदंड सुनावला, तो पुढे सक्तमजुरीवर निभावला. पेढीवाल्यांतही कणा असलेली माणसे होती, हे सांगितल्याशिवाय हा थ्रेड न्याय्य होणार नाही. मात्र शेतकरी त्या समितीत समान आसनावर बसला, याची पूर्वतयारी आईच्या राखेत झाली होती, हेही सांगितले पाहिजे.

तीच समिती आज जगभर 'शॅम्पेन' नावाची राखण करते आणि ती इतकी कडक आहे की १९९३ साली शॅम्पेन नावाने काढलेल्या एका प्रसिद्ध अत्तरालाही नाव बदलावे लागले. स्वित्झर्लंडमध्ये शॅम्पेन नावाचे एक जुने खेडे आहे. युरोपीय संघाशी झालेल्या करारामुळे तेथील लोकांना आपल्या साध्या, बिनफेसाच्या वाईनवर आपल्याच गावाचे नाव लिहिण्याचा हक्क गमवावा लागला. आपल्याकडे १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाईन काढली. कंपनीच्या नावात 'शॅम्पेन' होते, परदेशी गेलेल्या बाटलीवर मात्र 'ओमर खय्याम'. खुद्द मोएतच्या मालकांनी २०१३ मध्ये दिंडोरीच्या परिसरात वाईन काढली, तीही 'स्पार्कलिंग वाईन' म्हणूनच विकावी लागली.

नावाची राखण योग्यच आहे, असे माझे मत आहे. तक्रार वेगळी आहे. शॅम्पेनमध्ये आज सुमारे ३४ हजार हेक्टर बागा आहेत. त्यांतल्या जवळजवळ ९० टक्के बागा सुमारे सोळा हजार शेतकऱ्यांच्या मालकीच्या आहेत. बाटल्यांच्या विक्रीत मात्र दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा पेढ्यांचा आहे. मोएत, क्लिको, क्रुग, रुइनार, मर्सिए आणि साधूचे नाव, हे सगळे एकाच उद्योगसमूहाच्या छताखाली आहे. आपल्या डोळ्यांपुढे 'शॅम्पेनचा इतिहास' म्हणून जे येते, त्यातील बहुतांश या समूहाच्या पर्यटनपत्रिकेतील मजकूर असतो.

आणि आता तर शेतकऱ्याच्याही खाली आणखी एक माणूस आहे, जो त्याच्याही इतिहासात नाही. शॅम्पेनची द्राक्षे हातानेच तोडावी लागतात, तसा नियम आहे. त्यासाठी दर हंगामात एक लाखाहून अधिक मजूर लागतात. २०२३ च्या हंगामात काही तोडणी मजूर उन्हाच्या तडाख्यात दगावले. त्याच हंगामात मार्न जिल्ह्यातील एका खेड्यात पन्नासहून अधिक मजूर, बहुतेक पश्चिम आफ्रिकेतून आलेले, माणसाला न शोभणाऱ्या जागेत कोंबलेले आढळले. जुलै २०२५ मध्ये शालोंच्या न्यायालयाने मजूर पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला आणि दोन साथीदारांना मानवी तस्करीबद्दल शिक्षा सुनावली. शालों, म्हणजे बाटल्या फुटू नयेत म्हणून साखर मोजणाऱ्या त्या औषधविक्रेत्याचेच गाव.

प्रतिसादात 'मग उत्तर काय लिहायचे?' असे विचारले जाईल, म्हणून आधीच सांगतो. प्रश्नमंजूषेत काय लिहायचे ते मला ठाऊक नाही, माझा गुण गेलेला आहे. पण शॅम्पेनच्या बाटलीचे छायाचित्र पुन्हा समोर आले तर लेबल मोठे करून तळाशी पाहा. मुंगीएवढ्या टायपात दोन अक्षरे आणि एक क्रमांक असतो. 'एन.एम.' म्हणजे द्राक्षे विकत घेऊन वाईन बनवणारी पेढी. 'सी.एम.' म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी संस्था. 'आर.एम.' म्हणजे स्वतःच्या बागेतील द्राक्षांची स्वतः वाईन करणारा शेतकरी. तोडणी मजुरासाठी अक्षरे नाहीत.